बॅलन्स बोर्डचे सगळे खेळ एका मापाने मोजू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी व्यायामासाठी व्हिडिओ गेम सुचवणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत आला. विषय चांगला आहे, पण त्यातला बॅलन्स बोर्डवरचा, म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या ‘वी’ या खेळयंत्राला जोडून ज्यावर उभे राहून खेळतात त्या पाटावरचा परिच्छेद वाचकाची फसगत करणारा आहे. सात-आठ खेळांची नावे एका दमात घेतली आणि सगळ्यांना शेरा एकच दिला: बोर्डवर उभे राहा, डावीकडे-उजवीकडे झुका आणि घाम गाळा. यांतले काही खेळ बोर्डसाठीच घडवलेले आहेत, काहींना बोर्ड मागाहून चिकटवलेला आहे, आणि एकाला तर हा बोर्ड लागतच नाही, त्याची फळीच वेगळी आहे. निन्टेन्डोच्या मूळ ‘वी’ कन्सोलचे, म्हणजे त्या खेळयंत्राचे, उत्पादन २०१३ च्या सुमारास आटोपले. आता मिळतो तो माल जुन्या बाजारातला, नाहीतर परदेशातून परतलेल्या नातेवाइकांच्या सामानातला. अशी खरेदी परत करता येत नाही. त्यामुळे कोणता खेळ बोर्डकडून काय काम करून घेतो, हे आधी ठाऊक असलेले बरे.

मुळात हा बोर्ड झुकत नाही. साधारण ५१ सेंमी लांब, ३२ सेंमी रुंद आणि ५ सेंमींहून जरा जास्त उंच असा तो एक पाट आहे आणि त्याच्या चार पायांत चार लोड सेल आहेत. वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असते तीच ही वस्तू. भार पडला की धातूची पट्टी केसभर वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा (ताण टिपणाऱ्या पातळ पट्टीचा) विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून किलो निघतात. चारही पायांची बेरीज म्हणजे तुमचे वजन. उजव्या दोन पायांवर जास्त आणि डाव्या दोनांवर कमी, या फरकावरून तुमच्या भाराचे केंद्र बोर्डवर नेमके कुठे आहे ते कळते. बस्स. एकूण भार किती आणि त्याचे केंद्र कुठे, एवढेच खेळाच्या हाती येते. हात वर आहेत की खाली, गुडघा वाकला की नाही, पाठ ताठ आहे का, यातले काहीही बोर्डला दिसत नाही. म्हणजे हा वजनकाटा आहे. हे ओळखून रचलेले खेळ बोर्डवर उत्तम चालतात. ज्यांनी त्याला जॉयस्टिक समजून वापरले, त्यांच्यात खेळणाऱ्याची चिडचिड होते.

चिडचिड का होते, तेही सांगतो. डावीकडे सरकायचे असेल तर माणूस आधी उजव्या पायाने जमीन रेटतो. त्या क्षणी भाराचे केंद्र उजवीकडे उडते आणि अंग डावीकडे निघाल्यावर मग ते डावीकडे येते. उभ्या शरीराचा हा नियम आहे, त्यावर सरावाने मात करता येत नाही. त्यामुळे जो खेळ क्षणाक्षणाचा आकडा घेऊन पात्राला पळवतो, त्यात पात्र आधी उलट्या दिशेला हिसका खाते. चांगला खेळ आकड्यांना थोडे मवाळ करतो, किंवा खेळाची चालच अशी ठेवतो की अर्ध्या सेकंदाच्या उशिराने काही बिघडत नाही.

दुसरी गोम खेळणाऱ्याच्या बाजूची आहे. नवखा माणूस झुकतो ते खांद्यांनी. खांदे डावीकडे गेले की तोल सांभाळायला कंबर आपोआप उजवीकडे जाते, दोन्हींचा हिशेब फिटतो आणि भाराचे केंद्र जागचे हलत नाही. मग ‘बोर्ड बिघडला’ म्हणून तक्रार सुरू होते. खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून घोट्यांतून कलायचे किंवा नुसती कंबर सरकवायची, की तोच बोर्ड लगेच ऐकू लागतो.

आता खेळांकडे वळू. सर्वांत वर ‘वी फिट’, यात वाद नसावा. जपानमध्ये १ डिसेंबर २००७ रोजी आणि युरोप-अमेरिकेत २००८ च्या एप्रिल-मेमध्ये तो बोर्डसकट विक्रीला आला आणि त्याच्या सव्वादोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. निन्टेन्डोचे खेळ-रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी घरात रोज वजन करण्याच्या सवयीतून ही कल्पना काढली, म्हणून खेळ आधी वजनकाटा आहे आणि मग खेळ. त्यातल्या तोलाच्या खेळांतही डावे-उजवे करता येईल असा फरक आहे. फुटबॉल हेडिंगमध्ये फक्त डावी-उजवी बाजू मोजली जाते. चेंडूला डोके लावायचे, बूट आणि पांडाची मुंडकी चुकवायची. गंमत म्हणून ठीक आहे, पण चेंडू झपाझप येऊ लागले की वर सांगितलेला उलटा हिसका जाणवतो आणि हात टेकावे लागतात. पेंग्विन स्लाइडही एकाच दिशेचा, पण तिथे हिमखंड हळू कलतो, त्यामुळे शरीराच्या संथपणाशी त्याचे जमते.

खरी परीक्षा टेबल टिल्ट आणि बॅलन्स बबल या दोघांत होते. त्यांत चारही दिशा लागतात. टेबल टिल्टमध्ये पटावरच्या गोळ्या भोकांत पाडायच्या, बबलमध्ये बुडबुड्यात बसून काठाला न लागता नदी पार करायची. पुढे-मागे झुकणे हे डावी-उजवीपेक्षा कितीतरी अवघड. घोटा टाचेजवळ असतो, त्यामुळे पुढे कलायला चवड्यापर्यंत जागा मिळते, मागे मात्र दोन-चार बोटेच मिळतात. मागे झुकताना लोक टाचेवर जातात, बोटे उचलली जातात आणि तोल सुटतो. यावर उपाय साधा आहे. बोर्डवर चढल्यावर पाय खुणेच्या चौकटीत ठेवा, पण वजन मुद्दाम पावलाच्या मध्यावर आणा, टाचेवर नको. गुडघे किंचित सैल ठेवा. बबलमध्ये तर थांबणे हीच करामत आहे. पुढे ढकलून सोडून द्यायचे आणि मध्यावर परत यायचे. सतत पुढे कलून राहणारा पहिल्याच वळणावर फुटतो.

स्की जंप हा बोर्डचा सर्वांत हुशार वापर, असे माझे मत. त्यात केंद्राइतकाच एकूण भारही कामाला येतो. गुडघे वाकवून, वजन पुढच्या ठिपक्यावर रोखून उतारावरून यायचे आणि कड्यावर ताडकन सरळ व्हायचे. सरळ होताना पाय बोर्डला दाबतात, म्हणून भार क्षणभर वजनापेक्षा वर जातो आणि लगेच खाली येतो. ती उसळी किती जोराची आणि किती वेळेवर, यावर उडी ठरते. इथे खरोखर उडी मारली तर पाय सुटतात, भार शून्य होतो आणि खेळ फसतो. शिवाय बोर्डवर उड्या मारू नयेत, अशी कंपनीची सूचनाच आहे. लोड सेल सरळ भारासाठी असतात, आदळआपट त्यांना मानवत नाही. टाइटरोपमध्ये दोरीवरून चालताना जबडे वाजवणारा सापळा आला की हेच तंत्र लागते: गुडघे वाकवून झटकन सरळ व्हायचे, पाय न उचलता.

स्लॅलमचे, म्हणजे उतारावरून नागमोडी घसरण्याचे, दोन प्रकार आहेत आणि लेखात ते एकच धरले आहेत. स्कीमध्ये बोर्ड आडवा, तोंड टीव्हीकडे, वेग हवा तर वजन पुढे. स्नोबोर्डमध्ये बोर्ड उभा फिरवून कडेने उभे राहायचे, म्हणजे वेग बोर्डच्या लांबीवर आणि वळणे चवडा-टाचेवर. दुसरा प्रकार घोट्यांसाठी चांगला व्यायाम आहे आणि दहा मिनिटांत पोटऱ्या बोलू लागतात. सुपर हुला हूपमध्ये भाराचे केंद्र गोल फिरवायचे असते. त्यातही खांदे स्थिर ठेवून फक्त कंबर फिरवली तरच गती टिकते. धाप लागण्याच्या दृष्टीने साऱ्या संचात हाच खेळ अव्वल. याउलट बेसिक रनमध्ये बोर्डचा संबंधच नाही, वीचा हातात धरायचा रिमोट खिशात ठेवून जागच्या जागी धावायचे असते. स्टेपमध्ये बोर्ड म्हणजे फक्त दाबकळ, पाय पडला की नाही एवढेच पाहतो. पायरी जेमतेम पाच सेंमीची, जिममधल्या स्टेपच्या निम्मी किंवा त्याहून कमी. तरुणाला त्याने काही होणार नाही. उंची वाढवायला बोर्डखाली पुस्तके किंवा लाकडी फळ्या सरकवण्याची युक्ती सुचवली जाते, ती कृपया करू नये. चारपैकी एक पाय घसरला की माणूस पडेलच.

योगासनांबाबत लेखात ‘खेळ आसनातली चूक दाखवतो’ असे म्हटले आहे. ते अर्धसत्य आहे. वृक्षासन, वीरभद्रासन, नटराजासन, भुजंगासन, अधोमुख श्वानासन ही आसने त्यात आहेत, पण बोर्ड पाहतो ते एकच: भाराचा ठिपका पिवळ्या वर्तुळात राहिला का. वृक्षासनात पाऊल गुडघ्याच्या सांध्यावर टेकवले, कंबर एका बाजूला कलली, तरी ठिपका स्थिर असेल तर गुण उत्तम. हीच गोष्ट स्नायूंच्या व्यायामांची. पुश-अपमध्ये हात बोर्डवर असतात, भाराच्या चढउतारावरून ताल कळतो, पण पाठ खचली आहे हे कळत नाही. एका पायावर उभे राहण्याची स्थिरता सुधारायला हे आसन-सत्र चांगले. आसन शिकायला मात्र शिक्षकच हवा.

‘वी फिट प्लस’ ऑक्टोबर २००९ मध्ये आला. घेणार असाल तर थेट हाच घ्या. पहिल्यातले सगळे याच्यात आहे, वर नवे खेळ, व्यायामांची स्वतः रचलेली मालिका, कॅलरींचा अंदाज आणि बाळाचे किंवा मांजराचे वजन करण्याची सोय. (कडेवर घेऊन वजन, मग एकट्याचे, मग वजाबाकी. आजीबाईही असेच करतात.) २०१३ चा ‘वी फिट यू’ हा ‘वी यू’ या पुढच्या कन्सोलसाठी. बोर्ड तोच चालतो. त्यात गेमपॅडचा (वी यूच्या हातात धरायच्या, पडदा असलेल्या नियंत्रकाचा) ट्रे करून पाऊल टाकत गोड पदार्थ पोचवायचा खेळ आहे, आणि बोर्डवर बसून पाय उचलून धरायचा ल्यूज (बर्फावरची घसरगाडी) आहे, जो पोटाची परीक्षा पाहतो. हातातला गेमपॅड आणि बोर्डवरचा भार दोन्ही तो एकदम मोजतो, त्या दृष्टीने तो थोरल्या भावापेक्षा पुढे आहे. मात्र वी यूचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद झाले, आता डिस्क शोधण्यावाचून इलाज नाही. वीचे दुकान त्याआधीच, ३० जानेवारी २०१९ ला बंद झाले होते. त्यामुळे ‘रॉक अँड रोल क्लाइंबर’ हा कडा चढण्याचा खेळ, जो फक्त डाउनलोडनेच मिळत असे, आता नव्याने घेता येत नाही. लेखात तो ‘सहज उपलब्ध’ म्हणून दिला आहे, ही दुरुस्ती करावी.

निन्टेन्डोबाहेरच्या खेळांत बर्फावरचे खेळ आघाडीवर आहेत, कारण स्की हा मुळातच भार सरकवण्याचा खेळ. ‘फॅमिली स्की’, अमेरिकेत ‘वी स्की’, हा नाम्को बान्डायचा खेळ बोर्ड वापरणाऱ्या बाहेरच्या पहिल्या खेळांपैकी. दोन हातांत रिमोट आणि ननचक (रिमोटला जोडायची दुसऱ्या हाताची मूठ) काठ्यांसारखे, पायांखाली बोर्ड. शर्यतीपेक्षा डोंगरभर मोकळे हिंडण्यावर भर आहे. वळण रुंद आणि संथ असते, म्हणून अर्ध्या सेकंदाचा उशीर पचतो. घरात एक सोडून दुसरा खेळ घ्यायचा तर मी हाच सुचवीन. ‘शॉन व्हाइट स्नोबोर्डिंग: रोड ट्रिप’ (२००८) कडेने उभे राहून खेळायचा, कसरती रिमोटवर आणि वळणे बोर्डवर अशी वाटणी त्याने केली आहे. ही वाटणी शहाणपणाची आहे, कारण झटपट काम हाताला आणि सावकाश काम पायांना दिले आहे.

नेमकी ही वाटणी ‘स्केट इट’मध्ये (२००८) नाही. त्यात बोर्डवर शेपटाकडे पाय दाबून ऑली (फळीसकट उडी) मारायची, पुढे-मागे दाबून तऱ्हा बदलायच्या. बोर्डला फक्त भार कळतो, पायाचा वेग किंवा कोन कळत नाही. साहजिकच दोन जवळच्या कसरतींत तो गोंधळतो आणि वळायला गेले तर कसरतच होते. हा खेळ रिमोटवर खेळावा, बोर्डवर नको. आणि ‘टोनी हॉक: राइड’ (२००९) या यादीत घालायलाच नको होता. त्याची फळी स्वतःची आहे. बिनचाकी, बुडाला बाक असलेली, आत अॅक्सिलरोमीटर (हालचाल आणि कल टिपणारे सेन्सर) आणि कडांना इन्फ्रारेड सेन्सर. ती खरोखर झुकते, पण तिला वजन कळत नाही. निन्टेन्डोच्या बोर्डवर हा खेळ चालत नाही. नुसती डिस्क स्वस्तात मिळाली म्हणून कोणी घेतली तर पैसे पाण्यात.

चिकटवलेल्या बोर्डचे ठळक उदाहरण म्हणजे ‘पंच-आउट’ (२००९). मुष्टियुद्ध हाताने उत्तम चालते. बोर्ड जोडला की ठोसा चुकवणे पायांवर येते आणि प्रतिस्पर्धी वाट पाहत नाही. पहिल्या दोन-तीन लढतींत मजा येते, पुढे बोर्ड काढून ठेवावा लागतो. ‘ईए स्पोर्ट्स अॅक्टिव्ह’ मांडीचा पट्टा आणि रबरी बँड यांवर उभा आहे. बोर्ड मोजक्या व्यायामांपुरता, नसला तरी काही अडत नाही. ‘वी म्युझिक’मध्ये ड्रमचे पायपेडल म्हणून बोर्ड वापरता येतो, ही कल्पना मात्र मला आवडते, कारण पेडल म्हणजे दाबकळच. ‘रेव्हिंग रॅबिड्स: टीव्ही पार्टी’त बर्फाच्या उतारावर घसरण्यासाठी बोर्डवर चक्क बसायचे असते. मुले खूश होतात, आणि बसलेल्या माणसाचा भार सहज सरकतो, त्यामुळे नियंत्रणही उभ्यापेक्षा चांगले मिळते. गोटी घरंगळवण्याचा ‘मार्बल सागा: कोरोरिन्पा’ बोर्डवर खेळता येतो, पण सुरुवातीच्या सोप्या टप्प्यांच्या पुढे रिमोट हाती घ्यावा हे उत्तम.

थोडे विषयांतर. बोर्डवर खेळण्याची कल्पना निन्टेन्डोची नव्हे. १९८२ मध्ये अमिगा कंपनीने अटारी २६०० या तेव्हाच्या खेळयंत्रासाठी जॉयबोर्ड काढला, सोबत ‘मोगल मॅनियाक’ नावाचा स्कीचा खेळ. त्यात लोड सेल नव्हते, चार दिशांना चार स्विच. किती झुकलात ते कळत नसे, झुकलात की नाही एवढेच कळे. त्याच्या निर्मात्यांत त्या फळीवर मांडी घालून जराही न हलता बसण्याचा खेळ चाले आणि पुढे अमिगा संगणकाच्या बिघाडाच्या संदेशात ‘गुरू मेडिटेशन’ हे शब्द तिथूनच आले, असे सांगतात. वी फिटमधला लोटस फोकस, म्हणजे बोर्डवर बसून मेणबत्तीची ज्योत न विझू देणे, हा त्याच जातीचा खेळ.

आकड्यांबद्दल दोन शब्द. वी फिट बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) काढतो, २२ हा आदर्श मानतो आणि २५ च्या वर ‘जास्त वजन’ म्हणतो. भारतीयांसाठी डॉक्टर ही रेषा २३ वर आखतात, तेव्हा २४ ला हिरवा शेरा मिळाला म्हणून निर्धास्त होऊ नये. वाढत्या मुलांना तर हा हिशेब लावूच नये. २००८ मध्ये इंग्लंडमध्ये एका दहा वर्षांच्या मुलीला खेळाने लठ्ठ ठरवले आणि निन्टेन्डोला दिलगिरी व्यक्त करावी लागली होती. ‘वी फिट वय’ आज ३० आणि उद्या ४५ येते याचे कारण तोलाच्या चाचण्या दरवेळी बदलतात. त्यावर घरात वाद घालू नयेत. वजन मात्र भरवशाचे आहे. २०१० मध्ये मेलबर्नमधल्या संशोधकांनी या बोर्डची प्रयोगशाळेतल्या महागड्या फोर्स प्लेटशी (भार मोजणाऱ्या पाटाशी) तुलना केली, तेव्हा उभ्या माणसाच्या तोलाची मोजणी दोन्हींत जुळती निघाली. त्यानंतर बरेच फिजिओथेरपिस्ट तो वापरू लागले. ते वापरतात तो बोर्ड आणि त्यातले आकडे. वी फिटचे गुण आणि शेरे त्यात धरलेले नाहीत.

ज्येष्ठांसाठी म्हणून घेत असाल तर एवढे पाहावे. पडण्याचा धोका खेळताना कमी, उतरताना जास्त. नजर टीव्हीवर असते, पाय मागे जातो आणि पाच सेंमीची पायरी विसरली जाते. बोर्डच्या दोन्ही बाजूंना हात पोचेल इतक्या अंतरावर जड खुर्च्या ठेवा, पाठ खेळणाऱ्याकडे. मोजे नकोत, अनवाणी उभे राहावे. सुरुवात संथ खेळाने, फुटबॉल नको. वजनाची मर्यादा १५० किलो, जपानी बोर्डवर ती १३६ किलो लिहिलेली असते. त्यामागचा हिशेब असा दिसतो की प्रत्येक लोड सेलचे अंशांकन ०, १७ आणि ३४ किलोंवर केलेले असते, आणि ३४ चोक १३६.

जुना बोर्ड घेताना विक्रेत्यासमोरच तपासा. मागचे झाकण उघडा. चार एए सेल लागतात आणि ते साठेक तास चालतात. वर्षानुवर्षे आत राहिलेले सेल गळतात आणि पावसाळी हवेत पत्र्यांना हिरवट-पांढरा थर चढतो. थोडा असेल तर कापसाने व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून, पुसून, पूर्ण वाळवून चालतो. पत्राच खाल्ला गेला असेल तर घेऊ नका. मग बोर्ड सपाट फरशीवर ठेवा, टाइल्सच्या उंचसखल सांध्यावर नको, सतरंजीवर तर नकोच. मऊ पृष्ठभागावर बोर्डचे पोट टेकते आणि तेवढा भार पायांना चुकवून जातो. (जाड गालिच्यासाठी पायांना लावायचे चार जोड येत असत. आपल्या फरश्यांना ते लागत नाहीत.) बटण दाबा आणि स्क्रीनवर सांगेपर्यंत वर चढू नका. आधीच चढलात तर शून्य चुकते आणि पुढचे सगळे आकडे चुकतात. आता मध्यभागी उभे राहून वजन घ्या, मग उजव्या कडेला, डाव्या, पुढे, मागे. बेरीज तीच यायला हवी. किलोभर फरक पडत असेल तर आधी पायांचे रबर पाहा, निघालेले रबर हे सर्वांत सामान्य कारण. रबर शाबूत असूनही एका कोपऱ्यावर फरक येत असेल तर तिथला लोड सेल गेला. तो बदलणे खर्चाला परवडत नाही.

जोडणी अशी: कन्सोल सुरू करून पुढचे एसडी कार्डाचे झाकण उघडा. आधी बोर्डच्या सेलखान्यातले लाल सिंक बटण दाबा, लगेच कन्सोलमधले लाल बटण. निळा दिवा लुकलुकून स्थिर झाला की झाले. बोर्ड शेवटच्या जोडलेल्या कन्सोललाच ओळखतो, शेजाऱ्याकडे नेऊन खेळलात तर परतल्यावर पुन्हा सिंक करावे लागते. तो नेहमी चौथ्या खेळाडूची जागा घेतो. म्हणून बोर्ड जोडलेला असताना चार रिमोट चालत नाहीत, आणि एका कन्सोलला दोन बोर्ड कधीच नाहीत. ‘दोघे शेजारी उभे राहून स्पर्धा’ असे जे लेखात सुचवले आहे, ते होणार नाही. पाळीपाळीनेच खेळावे लागेल. कन्सोल बिघडले असेल आणि बोर्ड चांगला असेल तर तो ब्लूटूथवरून संगणकाला जोडता येतो. लिनक्सच्या कर्नेलमध्ये (गाभ्यात) त्याचा ड्रायव्हर आहे आणि डॉल्फिन हा एम्युलेटर, म्हणजे संगणकावर वीची नक्कल करणारा प्रोग्राम, खरा बोर्ड ओळखतो. विंडोजवर जोडणी दर वेळी नव्याने करावी लागण्याची तयारी ठेवा.

शेवटचे, पण खर्चाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. अमेरिकेतून आलेल्या वीचा अॅडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये नुसता पिन बदलून घातला तर जळतो. २२० ते २४० व्होल्टवर चालणारा, १२ व्होल्ट ३.७ अँपिअर देणारा वीचाच अॅडॅप्टर घ्या. वी यूचा चालत नाही, त्याचा व्होल्टेज वेगळा आहे. बोर्डला मात्र प्रदेशाचे बंधन नाही, डिस्कना आहे: अमेरिकी कन्सोलवर युरोपातली डिस्क चालणार नाही आणि उलटही नाही. डिस्क मागवण्याआधी कन्सोलच्या बुडाचे लेबल वाचावे.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे